पित्ताशयातले खडे आणि आपलं जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरजेतल्या दवाखान्यांतून सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात घेऊन बाहेर पडलेला माणूस पहिल्यांदा घरी फोन करतो आणि दुसऱ्यांदा आहारतज्ज्ञाला. "तेलकट बंद करा" एवढंच डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. मग तेलकट म्हणजे नेमकं काय, शेंगा चालतात का, जत्रेला मटण खायचं की नाही, असे प्रश्न सुरू होतात. सांगली, तासगाव, इस्लामपूर, कराड, साताऱ्याकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. औषध आणि ऑपरेशनचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. इथे बोलायचं ते ताटाबद्दल.

१. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली आणि पिशवीत खडे दिसले. दुखत काहीच नाही. पथ्य पाळायचं का?

कडक पथ्याची गरज नाही. असे मुके खडे पुष्कळांना असतात आणि त्यातल्या बहुतेकांना ते आयुष्यभर त्रास देत नाहीत. एका वेळी भरमसाट तेलकट खाणं आणि दिवसदिवस उपाशी राहणं, या दोन गोष्टी टाळल्या तरी पुष्कळ झालं. ऑपरेशन करायचं की थांबायचं हे खड्यांचा आकार, पिशवीची भिंत आणि तुमचे इतर आजार बघून डॉक्टर ठरवतील. शेजारच्या काकूंच्या अनुभवावरून ते ठरवू नका.

२. तेलकट खाल्ल्यावरच कळ का येते?

पित्त यकृतात तयार होतं. पित्ताशय ही त्याची साठवणीची पिशवी. तिच्यात साधारण ३० ते ५० मिलिलिटर पित्त घट्ट होऊन राहतं. जेवणातली चरबी लहान आतड्यात पोचली की आतडं एक संप्रेरक सोडतं आणि त्या इशाऱ्यावर पिशवी आवळते. पिशवीच्या तोंडाशी खडा असेल तर बाहेर जायची वाट अडते, आत दाब वाढतो आणि उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी कळ उठते. ती पाठीत किंवा उजव्या खांद्यापर्यंतही जाते. चरबी जितकी जास्त, तितकी पिशवी जोरात आवळते. रात्री आठला ताव मारून जेवलेला माणूस अकरा-बाराला उठून बसतो तो यामुळेच.

३. मला वरचेवर पित्त होतं, आंबट ढेकर येतात, छातीत जळजळतं. म्हणजे खडे आहेत का?

तेवढ्यावरून नाही. जळजळ आणि आंबट पाणी हा बहुतेक वेळा जठरातल्या आम्लाचा त्रास असतो, त्याचा पित्ताशयाशी संबंध नाही. खड्याची कळ वेगळी ओळखू येते: ती एकदा उठली की अर्धा तास ते काही तास सलग राहते, कूस बदलून किंवा ढेकर देऊन कमी होत नाही, आणि मग आपोआप ओसरते. दोन्ही त्रास एकाच माणसाला असू शकतात, म्हणून शंका असेल तर सोनोग्राफी करून मोकळं व्हावं. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला वरच्या पोटात दुखून घाम फुटत असेल, तर पित्ताचं औषध पाजत बसू नका, आधी ईसीजी काढा.

४. दुखलं तर घरी किती वेळ वाट बघायची?

चार-पाच तासांत कळ ओसरली नाही, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद आणि शौच पांढुरकं झालं, उलट्या थांबत नाहीत किंवा दुखणं पोटातून आरपार पाठीत जातंय, यातलं एक जरी असेल तरी रात्री असाल तर रात्रीच दवाखाना गाठा. खडा नळीत उतरून कावीळ होणं किंवा स्वादुपिंडाला सूज येणं हे जिवावरचं दुखणं आहे. मधुमेही आणि वयस्कर माणसांत लक्षणं सौम्य असून आत प्रकरण वाढलेलं असू शकतं, त्यांनी तर थांबूच नये.

५. दिवसाला किती तेल चालेल?

कळ येऊन गेलेल्या माणसाला मी साधारण असा हिशोब देते: दिवसभरातली एकूण चरबी ३० ते ४० ग्रॅम आणि एका जेवणात १० ते १२ ग्रॅमच्या आत. यातली बरीचशी दूध, डाळी, धान्य यांतून न दिसता येते. म्हणून वरून घालायचं तेल-तूप दिवसाला तीन छोटे चमचे.

छोटा चमचा म्हणजे ५ मिलिलिटर, त्यात साडेचार ग्रॅम चरबी. घरातले चमचे लहानमोठे असतात, त्यामुळे खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं ५ मिलिलिटरची खूण असलेलं टोपण धुऊन तेलाच्या बरणीशेजारी ठेवा. किटलीतून थेट कढईत तेल ओतायची सवय सुटली की निम्मं काम झालं. एक लिटरच्या पिशवीत असे दोनशे चमचे होतात. चौघांच्या घराने रोज प्रत्येकी चार चमचे वापरले तर महिन्याला अडीच लिटरही लागत नाही. तुमच्या घरी किती लागतं ते किराणाच्या यादीत बघा.

६. मग तेल पूर्णच बंद केलं तर?

नको. चरबी अजिबात मिळाली नाही तर पिशवी आवळायचंच विसरते, पित्त आत साचून राहतं आणि साचलेल्या पित्तात खडे वाढायला वाव मिळतो. शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं चरबीशिवाय अंगी लागत नाहीत. थोडं थोडं, पण प्रत्येक जेवणात, हा खरा नियम.

७. घाण्याचं शेंगतेल चांगलं की सूर्यफुलाचं? की साजूक तूप?

पिशवीला फरक कळत नाही. घाण्याचं असो, रिफाइंड असो, सगळी तेलं शंभर टक्के चरबी. तूपही जवळजवळ तेवढंच. हृदयासाठी फरक पडतो, तो वेगळा विषय. आवडेल ते घ्या, मोजून घ्या.

८. आमच्या प्रत्येक भाजीत शेंगदाण्याचं कूट आणि सुकं खोबरं असतं. ते काढलं तर कालवणाला चव कुठून येणार?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि रास्तही आहे. तेल कमी केलं, तळण सोडलं, तरी दुखतंच म्हणणाऱ्यांच्या ताटात बहुतेक वेळा कूट सापडतं. शेंगदाण्यात ४० टक्क्यांहून जास्त चरबी असते, तिळात त्याहून थोडी अधिक, सुक्या खोबऱ्यात तर साठच्या पुढे. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे खाल्ले की एका जेवणाचा कोटा तिथेच संपला. भरल्या वांग्यात कूट, तीळ, खोबरं तिन्ही असतात आणि वर तेलाचा तवंग.

दाटपणासाठी फुटाण्याचं डाळं वापरा. त्यात चरबी पाच-सहा टक्केच असते. चव भाजलेल्या कांद्यातून येते. चौघांसाठी मटकीची आमटी अशी करून बघा: दोन कांदे सालासकट थेट गॅसवर ठेवा, वरचं साल काळं होऊन आतून पाणी सुटेपर्यंत भाजा. जळकं साल काढून कांदा, आठ-दहा लसणाच्या पाकळ्या, आलं, कोथिंबीर आणि दोन चमचे डाळं एकत्र वाटा. कढईत तीन छोटे चमचे तेल तापवून मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता तडतडू द्या आणि वाटण घाला. ते करपायला लागलं की हात तेलाकडे जातो; तिथे तेलाऐवजी पाण्याचा हबका मारा, असं तीन-चारदा. वाटणाचा कच्चा वास गेला की एक चमचा कांदा-लसणाची चटणी, हळद, मोड आलेली मटकी, गरम पाणी. वर ताटात पाणी ठेवून झाका आणि मंद आचेवर शिजवा. माणशी तेल साडेतीन ग्रॅमच्या आत बसतं. हीच आमटी अर्धी वाटी तेलात केली तर माणशी सोळा-सतरा ग्रॅम जातं, कूट वेगळंच.

तर्री येत नाही, हे आधीच सांगते. रंग हवा असेल तर बेडगी मिरचीची पूड कोमट पाण्यात भिजवून शेवटी घाला.

कृष्णाकाठच्या वांग्याला तर तेलाची गरजच कमी. भाजून, सोलून, दही-कांदा-हिरवी मिरची घातलेलं भरीत करा, वर चमचाभर तेलाची फोडणी पुरते. पातळ पिठलंही दोन चमचे तेलात चौघांचं होतं. झुणका मात्र तेल मागतोच, तो सध्या बाजूला ठेवलेला बरा.

९. तिखट चालतं का? आमच्याकडे कांदा-लसणाच्या चटणीशिवाय कालवण होत नाही.

तिखटामुळे खडे होत नाहीत आणि मिरची पिशवीला चरबीसारखी आवळायला लावत नाही. जठराची जळजळ असेल तर त्या कारणासाठी कमी करा. वर्षाची चटणी करताना कांदा, खोबरं, तीळ तेलात परतलेले असतात, पण चौघांच्या कालवणात चमचाभर घातली तर माणशी वाट्याला नगण्य येतं. भाकरीवर चटणी घेऊन तिच्यात तेलाची धार सोडणं हे वेगळं, ते सोडा. चटणी दह्यात कालवून खा.

१०. भाकरी की चपाती?

दोन्ही. ज्वारीत आणि गव्हात चरबी दोन टक्क्यांच्या आसपास, बाजरीत पाचच्या. शाळूची भाकरी सगळ्यात सोपी, कारण तिला तेल लागत नाही. चपाती घडी घालताना आणि तव्यावर दोन्ही वेळा तेल खाते, म्हणून फुलका करा. धपाटे-थालीपीठ नॉनस्टिक तव्यावर अर्ध्या चमच्यात होतात.

११. दूध, चहा, दही बंद करायचं का? आणि कंदी पेढा?

म्हशीच्या दुधात चरबी सहा-सात टक्के असते. दिवसात तीन कप चहा, प्रत्येकात ५० मिलिलिटर दूध, म्हणजे नऊ-दहा ग्रॅम चरबी नुसत्या चहातून गेली, दोन चमचे तेलाइतकी. पिशवीचं दूध घेत असाल तर नाव वाचा: फुल क्रीममध्ये ६ टक्के, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये दीड. घरच्या म्हशीचं असेल तर तापवून, गार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि जाड साय उचला. पुन्हा तापवून पुन्हा साय काढली तर आणखी हलकं होतं. लोणी काढलेलं घरचं ताक हवं तेवढं प्या. चक्का, श्रीखंड, पनीर यांत चरबी एकवटलेली असते, ती क्वचित.

साताऱ्याचा एक कंदी पेढा साधारण छोटा चमचाभर तेलाइतकी चरबी देतो. कोणी आनंदाने हातावर ठेवला तर एक खा. डबा शेजारी घेऊन बसू नका.

१२. मटण पूर्ण सोडायचं? निदान नुसता रस्सा?

नुसता रस्सा हाच तर घोटाळा. मटणाची चरबी उकळताना रश्श्यात उतरते, त्यामुळे फोडी बाजूला सारून रस्सा भुरकणारा माणूस जास्त चरबी पितो. आणि पांढरा रस्सा दिसायला सौम्य असला तरी त्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ असतात. तांबड्याचा तवंग डोळ्यांना दिसतो तरी आणि पळीने काढता येतो. पांढऱ्यातली चरबी मिसळलेली असते, काढता येत नाही.

घरी करायचं तर पायाचं, कमी चरबीचं मटण घ्या, आधी हळद-मीठ घालून शिजवा, ते पाणी गार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढरा थर घट्ट बसलेला असतो, तो उचलून टाका आणि मग फोडणी द्या. कातडी काढलेली कोंबडी मटणापेक्षा बरी, रोहू-कटल्यासारखा नदीचा मासाही बरा, मात्र तळून नाही. अंड्याची सगळी चरबी बलकात असते, सुमारे पाच ग्रॅम. पांढरं निर्धास्त खा. बलक काहींना सोसतो, काहींना नाही.

१३. टोमॅटो, वांगी, पालक, पेरू बंद केलेत. बरोबर ना?

गरज नव्हती. ही यादी मुतखड्याच्या पथ्यातून इकडे आली आहे, आणि तिथेही ती सरसकट लागू नसते. मूत्रपिंडातले बरेचसे खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, म्हणून काहींना पालक कमी करायला सांगतात. पित्ताशयातले खडे बहुतांशी कोलेस्टेरॉलचे, काही पित्तरंगाचे. टोमॅटोच्या बीचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. उलट माळवं आणि फळं भरपूर खाल्लेली बरी, त्यातला तंतू उपयोगाचा आहे.

१४. हुलग्याचं पाणी प्यायल्याने किंवा ऑलिव्ह तेल-लिंबू घेतल्याने खडे पडतात का?

हुलगे उत्तम धान्य आहे, चरबी जवळजवळ नाही, माडगं जरूर प्या. पण मूत्रमार्गाचा आणि पित्तमार्गाचा रस्ता एक नाही. हुलग्याने पित्ताशयातले खडे विरघळल्याचा पुरावा नाही.

ऑलिव्ह तेलाचा प्रयोग मात्र करूच नका. वाटीभर तेल एकदम पोटात गेलं की पिशवी जोरात आवळते आणि खडा नळीत जाऊन अडकू शकतो. दुसऱ्या दिवशी शौचावाटे ज्या हिरव्या मऊ गोळ्या पडतात त्या तेलाच्या पचनातून बनलेल्या साबणासारख्या गुठळ्या असतात. पिशवीतले खडे सोनोग्राफीत जिथल्या तिथेच दिसतात. खडे विरघळवणारं औषध आहे, पण ते लहान, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर, पिशवी नीट चालत असेल तरच, कित्येक महिने घ्यावं लागतं, आणि थांबवल्यावर खडे पुन्हा होऊ शकतात. त्याबद्दल डॉक्टरांनाच विचारा.

१५. संकष्टी, एकादशी, नवरात्र हे उपवास चालतील का?

चालतील, पण सध्या करतो तसे नाहीत. दिवसभर नुसत्या चहावर राहिल्याने पित्त साचतं आणि चंद्रोदयानंतर तळणीचे मोदक आणि तुपाची धार एकदम पोटात जाते. पिशवीसाठी याहून वाईट जोडी नाही. दर तीन-चार तासांनी काहीतरी घ्या: ताक, केळं, उकडलेलं रताळं, वरीचा भात, राजगिऱ्याची भाकरी. साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाण्याचा दोष नाही, त्यात चरबी नाहीच. कूट आणि तूप निम्म्याहून कमी करा आणि बटाटा वाढवा. निर्जळी मात्र सोडा. देव रागावत नाही, सासूबाईंना हे पान वाचून दाखवा.

१६. पुरणपोळी, आषाढाचं तळण, लग्नाच्या पंगती?

पुरणपोळी ऐकून लोक घाबरतात, पण पुरण म्हणजे डाळ आणि गूळ. चरबी वाढते ती वरच्या तुपाने आणि वाटीभर सायीच्या दुधाने. गुळवणीबरोबर दोन पोळ्या, वर अर्धा चमचा तूप, हे बहुतेकांना सोसतं; मधुमेह असेल तर हिशोब वेगळा. आषाढातल्या तळणाला पर्याय नाही, एखादी कापणी चाखा आणि थांबा. पंगतीत भात-वरण, मठ्ठा, कोशिंबीर, जिलेबी एखादी. भजी आणि पुरी नको म्हणा. "ऑपरेशनची तारीख ठरलीय" म्हटलं की आग्रह करणारा हात तिथल्या तिथे थांबतो, खोटं असलं तरी.

१७. बाहेर खायचं झालं तर? भडंग, मिसळ, अख्खा मसूर?

मसुरात चरबी एक टक्क्याच्या आसपास, पण इस्लामपूर-कराडकडच्या ढाब्यावर तोच अख्खा मसूर तेलात आणि बटरमध्ये पोहत येतो. घरी प्रश्न ८ मधल्या पद्धतीने करा. मिसळीची उसळ घ्या, कट आणि फरसाण सोडा. मग ती मिसळ राहत नाही, हेही खरं. भडंगाचे चुरमुरे निर्दोष, तेल आणि शेंगदाणे मोजायचे. घरी चुरमुरे कोरडे भाजून दोन चमचे तेलात लसूण, चटणी, डाळं परतून कालवलं तर चार जणांचं होतं.

पाकिटावर "कोलेस्टेरॉल फ्री" लिहिलेलं बघून फसू नका. कुठल्याच वनस्पती तेलात मुळात कोलेस्टेरॉल नसतं. मागच्या बाजूला १०० ग्रॅममागे एकूण फॅट किती ते वाचा. तीन ग्रॅमच्या आत असेल तरच तो पदार्थ कमी चरबीचा. फरसाण-शेव बहुतेक तिशीच्या पुढे असतात.

१८. वजन जास्त आहे. झपाट्याने कमी केलं तर खडेही जातील ना?

उलट होतं. आठवड्याला दीड किलोपेक्षा वेगाने वजन उतरलं तर यकृत पित्तात जादा कोलेस्टेरॉल सोडतं आणि नवे खडे होतात. अर्धा ते एक किलो हा वेग ठीक. फक्त फळांवर किंवा फक्त सुपावर राहण्याचे प्रकार तुमच्यासाठी नाहीत; कारण प्रश्न ६ मध्ये आहे.

१९. दुर्बिणीतून पिशवी काढली. आता जन्मभर पथ्य?

नाही. पित्त यकृतात तयार होतच राहतं, फक्त साठायला जागा नसल्याने ते थेंबथेंब थेट आतड्यात येतं. पहिले काही आठवडे थोडं-थोडं आणि हलकं खा, तेल प्रश्न ५ प्रमाणे ठेवा. मग एकेक पदार्थ वाढवत जा, एका दिवशी एकच नवा, म्हणजे काय सोसलं नाही ते कळतं. बहुतेक जण महिना-दोन महिन्यांत घरच्या जेवणावर येतात.

काहींना जेवल्या जेवल्या पातळ शौचाला जावं लागतं. जादा पित्त मोठ्या आतड्यात पोचल्याने हे होतं. केळं, ओट्स, इसबगोल यांतला विरघळणारा तंतू मदत करतो. तेल आणि कॉफी थोडे दिवस आणखी कमी करा. महिन्याभरात थांबलं नाही तर सांगा, त्यावर औषध आहे.

२०. गरोदर आहे आणि खडे निघालेत. तेल-तूप किती कमी करू?

प्रश्न ५ चा हिशोब तुमच्यासाठी नाही. गरोदरपणात संप्रेरकांमुळे पिशवी मंदावते आणि गाळ किंवा खडे होणं नवीन नाही. बाळाला चरबी लागते, म्हणून एकूण प्रमाण फार न घटवता ते दिवसात पाच-सहा वेळा विभागून घ्या आणि तळण टाळा. कळ आली तर स्त्रीरोगतज्ज्ञांना लगेच कळवा. स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्यांनाही हा हिशोब लागू नाही. त्यांचं पथ्य डॉक्टर जास्त कडक ठेवतात.

२१. पिशवी काढून वर्ष झालं, तरी अधूनमधून तसंच दुखतं. खाण्यातच काही चुकतंय का?

कदाचित, पण आधी तपासून घ्या. पित्तनळीत राहून गेलेला किंवा नव्याने झालेला खडा, आम्लपित्त, अल्सर, यांपैकी काहीही असू शकतं आणि पथ्याने ते झाकलं जाऊ नये. सोनोग्राफी आणि यकृताच्या रक्ततपासण्या करा. तपासणीला जाताना आठवडाभराची वही बरोबर न्या: काय खाल्लं, किती वाजता, कळ किती वाजता उठली, किती वेळ राहिली. "काहीही खाल्लं की दुखतं" यापेक्षा "रविवारी रात्री साडेआठला मटण, साडेदहाला कळ, दीडला थांबली" हे वाक्य डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतं.